उद्घाटक, अध्यक्ष आणि भरती

बंगालच्या उपसागरात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची रंगभूमी नेऊन पोचवणारा पहिला आणि आजवरचा एकमेव पुरुष म्हणजे माझा साडभाऊ. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. ही रंगभूमी तिथे एकूण पंचावन्न मिनिटं टिकली आणि त्यातली शेवटची वीस मिनिटं ती पाण्यात होती, हा तपशील झाला. तपशिलाने इतिहास बदलत नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वयाने माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, त्यामुळे लिहिताना एकेरी. समोर मात्र अहो-जाहो. गाव नागभीडच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. तिथे पाणी म्हणजे गावतलाव आणि खूप पाणी म्हणजे पावसाळ्यातली वैनगंगा. याहून मोठ्या पाण्याची कुणाला गरज पडलेली नाही. वडील गेले तेव्हा हा सात वर्षांचा होता. थोरल्या भावाने, ज्यांना आता सगळं गाव दादा म्हणतं, चौथीतून शाळा सोडली, नांगर धरला आणि याला शिकवलं. शिकून हा हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात लागला आणि नेमणूक झाली ती अंदमानच्या एका चिमुकल्या बेटावर. निघताना स्टेशनवर त्याने दादांना सांगितलं होतं, "दोन वरसाची गोष्ट आहे, मंग बदली घेतो." त्या दोन वर्षांना सत्तावीस वर्षं झाली. त्याने बदलीचा अर्ज लिहिलाच नाही असं नाही. लिहिला होता, ताईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, तो मला दाखवला आहे. त्या अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याने बेटाचा नकाशा काढलेला आहे, त्यामुळे तो पाठवायचा राहून गेला.

तिथे का राहिला, हे त्याने मला एकदाच सांगितलं. "मास्तर, पहिल्या दिवशी जेट्टीवर उतरलो अना पाह्यलं. एवढं पाणी, अना कुठी पाळच नाई! म्हणलं, हे सांभाळून कोण राह्यलं? मंग रोजच पाहाले जात गेलो." तलावाला पाळ, म्हणजे मातीचा बांध, नसेल तर तलाव फुटतो, हे ज्याच्या हाडात भिनलेलं आहे, त्या माणसाने समुद्राकडे संशयाने पाहायला सुरुवात केली आणि पाहता पाहता तो त्याचाच होऊन गेला. पण संशय पूर्ण गेला नाही. मोठी लाट आली की तो अजूनही मान हलवून म्हणतो, "पाळ पायजे होती इथी."

बेट म्हणजे काय, तर एक जेट्टी, चौदा-पंधरा दुकानांचा बाजार, नारळाची झाडं, तीन लॉज आणि पांढऱ्या वाळूचा किनारा. रोज सकाळी मुख्य शहराकडून एक बोट येते आणि दुपारी चारला परत जाते. कांदे, टोमॅटो, गॅसचं सिलिंडर, वधूवर, पर्यटक, सगळं त्याच बोटीतून उतरतं. वारा वाढून बोट रद्द झाली की गावात कांदा नसतो, आणि त्याचा दोष लोक माझ्या साडभावाला देतात, कारण वारा मोजणारा तोच. पर्यटक दोन दिवस राहतात, मावळत्या सूर्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात आणि जातात. गावातली माणसं पाचसहा प्रांतांतून येऊन रुजलेली, त्यामुळे बोली हिंदी. ही हिंदी माझ्या साडभावाने सत्तावीस वर्षांत हळूहळू बिघडवली आहे. जेट्टीवरचा बंगाली चहावाला मला पहिल्या भेटीतच म्हणाला, "आओ भाऊ, बैठो ना, काऊन खडे हो?" मला वडशाच्या बसस्टँडवर उतरल्यासारखं वाटलं.

त्याच्या सवयींबद्दल लिहायचं तर बेट आणि झाडी यांची सरमिसळ कुठे सुरू होते हे सांगणं कठीण आहे. बेटावर वाघ नाही. कोल्हाही नाही. खाडीत मगर आहे म्हणतात, पण मगर झुडपात दबा धरत नाही. तरीही हा माणूस सूर्य कलला की हातात काठी घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि प्रत्येक झुडपाजवळ थांबून खाकरतो, काठी आपटतो आणि मगच पुढे जातो. आमच्याकडे जंगलालगतच्या वाटेवर हे शहाणपणाचं आहे. तिथे त्याच्या खाकरण्याने फक्त खेकडे बिळात जातात. एकदा लॉजमधल्या एका पर्यटकाने विचारलं, इथे काही धोकादायक प्राणी आहे का? हा म्हणाला, "अभी तक तो नई आया." तो पर्यटक दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेला.

आणि गावी आला की हाच माणूस बेटावरचा होतो. वेताची रुंद टोपी घालून बांधावरून फिरतो. शेजारी म्हणतात, औंदा पाऊस बरा झाला, हा म्हणतो, "बरा म्हणजे? काल रातचा बावीस पॉइंट चार." अंगणात स्टीलचा गिलास ठेवून त्याने ते मोजलेलं असतं. गिलासातलं पाणी एकदा कोंबडी प्यायली, तर त्याने त्या दिवसाच्या आकड्यापुढे "अंदाजे" असं लिहिलं. सरकारी नोकरीत इतका प्रामाणिक माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्याचा उपयोग सरकारला काय झाला हेही मला सांगता येणार नाही.

पण या माणसाला एक दुःख होतं, आणि ते त्याने काठीसारखं रोज बरोबर बाळगलं. सत्तावीस वर्षांत गावाकडचा एकही माणूस त्याच्याकडे आला नव्हता. सकाळची बोट धक्क्याला लागताना तो जेट्टीवर असतोच. अख्खं गाव असतं. कोण आलं हे पाहणं हेच तिथलं वर्तमानपत्र. कुणाचा मामा उतरतो, कुणाची सासू उतरते, कुणाचे साडू उतरतात. याच्यासाठी कांदे उतरत. बोलावणं तर त्याने सगळ्यांना केलं होतं, मला दर वर्षी, आणि दादांना दर महिन्याला पत्राने. त्याचं उत्तर येत नसे. दादांना राग होता असं म्हणता येणार नाही. समोर विचारलं तर दादांकडे कारण असे आणि ते खरं असे. दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं असतात आणि होळीपासून दिवाळीपर्यंत शेती. वर्षात तिसरा हंगाम नाही.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. झाडीपट्टीत पाहुणा येतो तो नाटकाला. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपटात बैल पळतात आणि त्या दिवशी नाटक असतं. वडशाहून कंपनी येते, कापणी झालेल्या बांधीत मंडप पडतो, प्रेक्षकांना बसायला खड्डा खणतात आणि निघालेल्या मातीचा स्टेज होतो. सासरी गेलेल्या मुली येतात, सोयरिकी जुळतात, रुसवे निघतात. ज्याच्या घरी त्या दिवशी जास्त चपला, तो मोठा. नाटक नसताना कुणी कुणाच्या गावी गेलाच, तर दारात पहिला प्रश्न येतो, "कोण बिमार आहे?" दादा तर नाटकवेडेच. हिवाळ्यात पंधरा-सोळा गावं करतात, पहिल्या रांगेत बसतात आणि पडदा पडेपर्यंत उठत नाहीत. एकदा मंडपाच्या कोपऱ्याने पेट घेतला होता तेव्हाही ते म्हणाले होते म्हणे, "विझवा ना बे तिकडं, इथी संवाद चालू आहे."

गेल्या पावसाळ्यात साडभावाचा फोन आला. मे महिन्यात तो निवृत्त होणार होता, क्वार्टर सोडावं लागणार होतं. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मास्तर, माहीच चुकी झाली."

"काय झालं?"

"सत्तावीस वरसं मी लोकायले समुद्र पाहाले बलावून राह्यलो. समुद्र पाहाले कोण येते? नाटक ठेवाले पायजे होतं." मग म्हणाला, "आता एकच हिवाळा राह्यला. दादा आला नाई, घरी जेवला नाई, त मी इथी होतो हे खरं कायच्यावरून? परत गेल्यावर सांगत बसू का, की बा, एक गाव होतं?"

मी म्हणालो, "ठेवा नाटक."

त्याने ते स्वतःच लिहिलं. संगीत, तीन अंकी, कौटुंबिक, हृदयस्पर्शी. नाव, "दादा, तू रागावू नको". पोस्टरवर या नावापुढे तीन उद्गारचिन्हं होती. एका थोरल्या भावाची आणि परगावी निघून गेलेल्या धाकट्याची गोष्ट. पहिल्या अंकात भांडण, दुसऱ्यात विरह, तिसऱ्यात भेट. थोरल्याची भूमिका त्याने स्वतःकडे घेतली. धाकटा म्हणून शेजारच्या बेटावरच्या दवाखान्यातला एक कंपाउंडर मिळाला, मूळचा गडचांदूरकडचा, आवाज बरा. वहिनीचं काम ताईंकडे आलं, कारण त्या बेटावर मराठी बोलणारी दुसरी बाई नव्हती. ताई मला फोनवर म्हणाल्या, "यायच्यासंग सत्तावीस वरसं संसार केला भाऊ, आता यायचीच बायको बनून लटकं लटकं रडा लागते. खरं रडली तवा कोनी टाळी नाई वाजवली." तालमी हवामान कार्यालयाच्या आवारात पर्जन्यमापकाशेजारी चार महिने चालल्या. बेटावर करमणूक कमी असल्याने सगळं गाव तालमीला जमे, आणि अर्थ न कळताही सगळ्यांना सगळे संवाद पाठ झाले. प्रॉम्प्टर म्हणून बंगाली चहावाला नेमला गेला.

मग पोस्टर आलं. झाडीपट्टीच्या पोस्टरवर नाटकाचं नाव खाली आणि लहान असतं. वर आणि मोठी असतात ती पाहुण्यांची नावं. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. ज्या नाटकाला इतके मान नाहीत ते नाटकच नव्हे, असं आमच्याकडे सर्व थरांत मानलं जातं. साडभावाने त्या एवढ्याशा बेटावर अकरा पदं भरली होती. उद्घाटक मी. अध्यक्ष पंचायतीचे प्रधान. दीपप्रज्वलक डिझेल जनरेटरचा ऑपरेटर, कारण गावात उजेड त्याच्याच हातात. आणि विशेष अतिथी म्हणून बोटीचा सारंग, म्हणजे ती चालवणारा मुख्य माणूस. ही शेवटची नेमणूक पाहून मला त्याच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. सारंग स्टेजवर बसला असेल तर बोट वेळेआधी सुटू शकत नाही. ज्याच्यामुळे कार्यक्रमाला धोका होता अशा प्रत्येकाला त्याने एकेक पद देऊन ठेवलं होतं. फक्त भरतीला काही दिलं नव्हतं.

पोस्टर मी दादांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी ते लांब धरून बराच वेळ पाहिलं, नावांवरून बोट फिरवत ती मोजली.

"अकरा पाहुणे?"

"हो."

"उद्घाटक कोण आहे?"

"मी."

"हं," दादा म्हणाले. "मंग सुरू व्हाले टाइम लागंल." आणि आत जाऊन त्यांनी वहिनींना सांगितलं, "लहान्याकडं नाटक आहे. नऊ किलो तांदूळ काढ."

असे आम्ही तिघं निघालो, मी, माझी बायको आणि दादा. नागपूर, मद्रास, विमान, आणि शेवटी ती बोट. दादांनी दोन तासांच्या बोटीत डोळे मिटून घेतले ते धक्का लागेपर्यंत उघडले नाहीत. जेट्टीवर सगळं गाव होतं आणि सगळ्यांच्या पुढे पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून साडभाऊ. तो वाकला. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाळला ना बे." मग तांदळाची पिशवी त्याच्या हातात दिली. सत्तावीस वर्षांच्या बोलावण्यानंतर एवढंच संभाषण झालं. चहावाला मात्र डोळे पुसत होता. त्याला तिसरा अंक पाठ होता.

नाटकाला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत साडभावाने बेट दाखवण्याची शिकस्त केली. पांढरी वाळू दाखवली. दादा म्हणाले, वैनगंगेचीही बरी आहे. "इथी सूर्य बुडते, दादा." "आपल्या इथी बी बुडते." पाण्याखालची पोवळी काचेच्या तळाच्या होडीतून दाखवायची होती, दादांनी विचारलं, "खाता येतात का?" आणि नाही म्हटल्यावर विषय संपला. जेवायला बसले तेव्हा पहिला घास घेण्याआधी म्हणाले, "तांदूळ आपलाच आहे ना?" म्हणजे दादा भावाच्या घरी जेवले खरे, पण आपल्याच बांधीतलं. उरलेला वेळ ते पर्जन्यमापकाजवळ खुर्ची टाकून बसत, आणि तालीम सुरू झाली की उठून जात, कारण आधी पाहिलं की नाटक बिघडतं. ताई मला हळूच म्हणाल्या, "पाह्यलं ना? दादा आले, पण आलेच नाई."

नाटक दुपारी एकला ठेवलं होतं. आमच्याकडे नाटक उजाडेपर्यंत चालतं, पण इथे कंपाउंडरला चारच्या बोटीने परत जायचं होतं. जागा किनाऱ्यावरची. ओहोटीत तिथे सपाट, घट्ट वाळू उघडी पडते, आणि ती पाहिली की आमच्याकडच्या कुणालाही कापणी झालेली बांधीच आठवेल. शाळेचं पटांगण मिळत होतं. साडभाऊ म्हणाला, बांधीत नाही ते नाटक नाही. त्याने रीतीप्रमाणे प्रेक्षकांसाठी गुडघाभर खोल खड्डा खणून घेतला आणि निघालेल्या वाळूचा स्टेज केला. दुपारचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून प्रेक्षकांचं तोंड नारळांकडे आणि पाठ समुद्राकडे. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगून पाहिलं, "भाऊ, पानी आएगा." त्याने कागद दाखवला. पूर्ण भरती पाचला, पाणी खड्ड्यापर्यंत येणार साडेतीनच्या पुढे, नाटक सव्वातीनला संपणार. हिशेब चोख होता. त्यात उद्घाटनाला पंधरा मिनिटं धरली होती, एवढीच चूक. झाडीपट्टीतला माणूस सगळी गणितं बरोबर करतो. उद्घाटन त्याला गणितात धरताच येत नाही.

दिवा वाऱ्याने सात वेळा विझला. दीपप्रज्वलकाने आठव्यांदा लायटरच तेवत धरला. मग अकरा जणांचे हारतुरे, सारंग सोडून प्रत्येकाला शाल, प्रत्येकाचे दोन शब्द. प्रधान पंचायतीच्या पाइपलाइनवर बोलले. लॉजवाला प्लास्टिकच्या बाटल्यांवर बोलला. आता खरं सांगायचं तर उद्घाटक म्हणून मी काय केलं हेही लिहिलं पाहिजे. मी आयुष्यभर अशा भाषणांची टिंगल केलेली आहे. त्या दिवशी माझ्या खांद्यावर शाल पडली, समोर दोनशे माणसं दिसली, आणि मी रंगभूमीचा उगम आणि विकास या विषयावर अठरा मिनिटं बोललो. श्रोत्यांपैकी, नट धरून, पाच जणांना मराठी येत होतं. त्यातल्या एकीने, माझ्या बायकोने, दोनदा घड्याळ दाखवलं. नटेश्वराची नांदी सुरू झाली तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं होती.

पहिला अंक सुरू झाला आणि थोरला भाऊ स्टेजवर आला. पिकलेली मिशी, खांद्यावर दुपट्टा, उजवा पाय किंचित ओढत चालणं, आणि वाक्याआधी तो कोरडा खोकला. मी शेजारी पाहिलं. दादा पुढे झुकले होते.

"मास्तर," ते कुजबुजले, "हा बुढा कोण आहे?"

मी म्हणालो, "तुम्हाला कोण वाटतो?"

"असा खोकत नाई मी," दादा म्हणाले, आणि खोकले.

अर्ध्या तासाने पायांना गार लागलं. पाणी आधी समुद्राकडून आलंच नाही, खालून आलं, वाळूतून झिरपत, बांधीत येतं तसं. मग मागून पहिली लाट खड्ड्याच्या काठावरून आत उतरली. लोक सवयीचे होते. कुणी ओरडलं नाही. मंडळी शांतपणे खुर्च्या उचलून एकेक रांग पुढे सरकली आणि शेवटी स्टेजवरच चढून नटांच्या मागे उभी राहिली. प्रधान चढले, लॉजवाला चढला, मी चढलो. आता सगळे प्रेक्षक स्टेजवर होते आणि खड्ड्यात, पहिल्या रांगेत, एकटे दादा. धोतर गुडघ्यावर घेतलेलं, हातात काठी उभी, नजर नटांवर. त्यांची एक चप्पल तरंगत निघाली तेव्हा ती त्यांनी न पाहता काठीने अडवली.

ताई वहिनीच्या आवाजात रडता रडता मध्येच म्हणाल्या, "दादा, वर या ना आता!"

"तू तुहा संवाद बोल," दादा म्हणाले. "इथी ऐकू येऊन राह्यलं."

स्टेजवर भांडण टिपेला पोचलं. धाकटा म्हणाला, मी चाललो, आणि थोरला म्हणाला, जा, पण माझा उंबरठा पुन्हा ओलांडू नकोस. चहावाला प्रॉम्प्टरने हेही वाक्य मोठ्याने म्हटलं, आणि त्याच्याबरोबर सगळ्या गावाने. तेवढ्यात सारंग पुढे आला. चार वाजत आले होते. त्याची शाल पहिल्या अंकानंतरच्या सत्कारासाठी राखलेली होती आणि तो त्याशिवाय जायला तयार नव्हता. ती घाईघाईत त्याच्या खांद्यावर टाकली, तो जेट्टीकडे निघाला, त्याच्या मागे कंपाउंडर मेकअपसकट पळाला, आणि पाच मिनिटांत बोटीचा भोंगा झाला.

साडभाऊ स्टेजच्या कडेला उभा राहिला. मिशी एका बाजूने सुटून हनुवटीवर लोंबत होती. वाळूचा स्टेज त्याच्या पायाखालून हळूहळू विरघळत होता. तो कुणाकडेच पाहत नव्हता. एवढ्या वर्षांत मी त्याला असा कधी पाहिलेला नाही.

दादांनी खालूनच विचारलं, "संपलं का बे?"

"नाई दादा. दोन अंक राह्यले. पण लहाना भाऊ बोटीनं गेला."

"मंग पुढं काय होते?"

साडभावाने मिशी काढून खिशात ठेवली. "दुसऱ्या अंकात लहाना तिकडंच रायते. पत्र लिवते. मोठा उत्तर नाई देत."

"काऊन नाई देत?"

"नाटकात तसं आहे."

दादांनी काठी वाळूत आणखी रोवली. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं होतं. "जमत नसंल त्याले," ते म्हणाले. "नाव लिवणं येगळं, अना पत्र लिवणं येगळं. शाळा सोडली ना त्यानं."

ताईंनी पदर तोंडाला लावला. टाळी कुणी वाजवली नाही.

"अना तिसऱ्या अंकात?"

"तिसऱ्या अंकात मोठा भाऊ येते."

"कशानं येते?"

"बोटीनं."

दादांनी याचा नीट विचार केला. "हाव," ते म्हणाले, "जमते तसं." मग त्यांनी हात वर केला, साडभाऊ पाण्यात उतरला आणि धरून त्यांना काठावर घेऊन आला. चप्पल मी घेतली. वर आल्यावर दादा प्रथमच मागे वळले. सूर्य खाली आला होता आणि जिथे आम्ही सगळे बसलो होतो तिथे आता नुसतं पाणी होतं, पार आभाळापर्यंत. बराच वेळ ते पाहत उभे राहिले.

"पाळ नाई का रे याले?" दादांनी विचारलं.

"नाई ना, दादा."

"मंग हे थांबते कसं?"

"थोड्या वेळानं आपणच वापस जाते," साडभाऊ म्हणाला. आणि दोघं ते जाईपर्यंत तिथेच बसले. आम्हाला त्यांनी घरी पाठवून दिलं.

मे महिन्यात साडभाऊ निवृत्त झाला आणि गावी परत आला. क्वार्टरमध्ये आता दुसरं कुणी राहतं, पाऊस दुसरं कुणी मोजतं, आणि सकाळी बोट येण्याच्या वेळेला हा गावातल्या थांब्यावर जाऊन उभा राहतो, वडशाची बस पाहायला. कुणी काही विचारत नाही. परवा मी गेलो होतो तेव्हा दोघे भाऊ ओसरीत बसले होते. खुंटीला दोऱ्याने बांधलेली शाळेची एक वही होती. दादा त्यात हिवाळ्यात पाहिलेली नाटकं मांडतात, मोठ्या वाकड्या अक्षरांत: तारीख, गावाचं नाव, आणि शेरा. मी ती चाळायला घेतली, तर साडभावाने माझ्या हातातून काढून बरोबर ते पान उघडलं. चष्मा पुसला. ते त्याने आधी अनेकदा वाचलेलं असणार. दोन गावांच्या मध्ये, त्यांच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, गावाच्या रकान्यात लिहिलं होतं: "लहान्याचं गाव." आणि पुढे शेरा होता: "पहिला अंक बरा. बसाची जागा ओली."